न्यायासन रिकामेच असू द्या

नोव्हेंबर सरत आला की गोमंतकातील ख्रिस्ती बांधवांचे उपासना-वर्ष संपते आणि नाताळापूर्वीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी नवे वर्ष सुरू होते. तेथून नाताळापर्यंतच्या काळास ते ‘आगमनकाळ’ म्हणतात. इतरेजनांस हा काळ ओळखीचा असतो तो वेगळ्याच खुणांनी. घराघरांवर कागदी नक्षत्रे लोंबू लागतात, अंगणात गोठ्याची मांडणी सुरू होते, शेजारच्या स्वयंपाकघरातून दोदोल आणि नेवऱ्यांचा वास येतो. आगमन म्हणजे बेथलेहेमच्या गोठ्यात जन्मणाऱ्या बाळाचे आगमन, असे आपण धरून चालतो. ते खोटे नव्हे. परंतु ते अर्धेच आहे. पहिल्या रविवारी वेदीवरून जे शुभवर्तमान वाचले जाते त्यात बाळ नाही, गोठा नाही, तारा नाही. त्यात आहे तो युगान्ताचा इशारा, जागे राहण्याची आज्ञा आणि पुन्हा येणारा ख्रिस्त. या खेपेस न्यायाधीश म्हणून येणारा.

पाच शतके एका कुंपणाला लागून राहणाऱ्या या दोन समाजांना एकमेकांची फेस्ते आणि जत्रा उत्तम ठाऊक आहेत. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई या सख्ख्या बहिणी मानण्याइतके हे नाते जुने आहे. परंतु शेजारी कोणत्या गोड पदार्थाने सण साजरा करतो हे माहीत असणे निराळे आणि तो गुडघे टेकून कशाची वाट पाहतो हे माहीत असणे निराळे. हे दुसरे ज्ञान आपल्याकडे फार थोडे आहे. ते नसल्यामुळे काय घडू शकते, याचे उदाहरण शेजारच्या हुबळी-धारवाडात काही वर्षांपूर्वी पाहावयास मिळाले. त्याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. तत्पूर्वी ही उपासना स्वतःविषयी काय सांगते ते ऐकून घेणे न्याय्य होईल.

ख्रिस्ती धर्मशास्त्राने मृत्यू, न्याय, स्वर्ग आणि नरक यांना मानवाच्या चार अंतिम गोष्टी मानले आहे. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे सुरू झालेल्या आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे पूर्णत्वास गेलेल्या श्रद्धाप्रकटनात, जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करण्यासाठी ख्रिस्त पुन्हा येणार आहे, हा विश्वास स्पष्ट शब्दांत नोंदविला आहे. आजही रविवारच्या मिस्सेत तो सर्वांनी उभे राहून उच्चारावयाचा असतो. अगदी आरंभीच्या मंडळींची एक प्रार्थना तर एका अरामी वचनापुरतीच होती: ‘मारानाथा’, म्हणजे प्रभो, ये. जन्म-पुनर्जन्माच्या चक्राकार काळात वाढलेल्या आपल्या मनास ही कल्पना परकी वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे कर्माचा हिशेब चित्रगुप्ताच्या वहीत सतत चालू असतो आणि एका जन्मात राहिलेली बाकी पुढच्या जन्मात ओढता येते. तेथे काळ एका रेषेत धावतो, आयुष्य एकदाच मिळते आणि वही एकदाच बंद होते. म्हणून त्या प्रार्थनेत आर्तता अधिक आहे.

२ नोव्हेंबर हा त्यांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या सुमारास गोव्यातील दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जातात. आपल्या म्हाळाशी त्याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. भेद आहे तो इतकाच की, आपण पितरांच्या पुढील गतीसाठी पिंड देतो, आणि ते आपल्या मृतांसह एका सामुदायिक पुनरुत्थानाची वाट पाहतात. थडगे हे तेथे अखेरचे घर नसून एक धर्मशाळा आहे. १९६३ मध्ये रोमने दहनासही अनुमती दिली. अर्थात आशा देहाच्या ठेवणीवर अवलंबून नाही, हे त्या चर्चनेच मान्य केले. त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या आपल्या घोषणापत्रात, पृथ्वीवरील उपासना ही स्वर्गीय उपासनेची पूर्वचव आहे आणि उपासक हे त्या नगरीकडे निघालेले यात्रेकरू आहेत, अशा अर्थाचे प्रतिपादन केले. वारीची परंपरा असलेल्या समाजाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. पंढरपूर दिसण्यापूर्वीच वारकऱ्याच्या पायांत पंढरपूर आलेले असते. पुढे १९७० च्या सुधारित मिस्सा-ग्रंथातून क्रोधाच्या दिवसाचे ते प्राचीन लॅटिन शोकस्तोत्र मृतांच्या मिस्सेतून वगळण्यात आले. भयाचा सूर खाली आला आणि आशेचा सूर वर आला.

स्वर्गाची ही आशा या भूमीत उतरली तेव्हा तिने कोणता शब्द वापरला, हेही मराठी वाचकाने विसरू नये. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. हजारो ओव्यांच्या त्या ग्रंथात स्वर्गासाठी आलेला शब्द ‘वैकुंठ’ हा आहे. रोमहून आलेली आशा सामान्य माणसाच्या काळजापर्यंत पोहोचवावयाची तर ती त्याच्याच शब्दांच्या होडीतून न्यावी लागते, हे त्या परदेशी पाद्र्याने ओळखले होते. ज्यास आपण परके म्हणतो त्याच्या स्वर्गाचे नाव चारशे वर्षांपूर्वीपासून आपल्याच भाषेतले आहे.

आता मुख्य मुद्दा. त्या अखेरच्या न्यायात प्रश्न कोणते विचारले जाणार आहेत? मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचे चित्र आहे आणि उपासना-वर्षाच्या शेवटच्या रविवारी, ख्रिस्तराजाच्या सणाला, ते तीन वर्षांतून एकदा वाचले जाते. तेथील न्यायाधीश कोणास त्याचा पंथ विचारीत नाही, मिस्सा किती ऐकल्या हे विचारीत नाही, कोणत्या सूत्रावर विश्वास होता हेही विचारीत नाही. भुकेल्याला अन्न दिलेस काय, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र. आजाऱ्याला आणि बंदिवानाला भेटलास काय, एवढेच तो विचारतो. विशेष असे की, ज्यांची सुटका होते त्यांनाही आपण हे केव्हा केले ते आठवत नाही. तेराव्या अध्यायातील एक दृष्टान्त तर आपल्या शेतकऱ्यालाही सहज समजेल असा आहे. गव्हाच्या शेतात तण उगवलेले पाहून चाकर ते उपटून टाकण्याची परवानगी मागतात. धनी नको म्हणतो, कारण तण उपटताना गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, निवड मी करीन, असा त्याचा निर्णय आहे.

या दोन चित्रांमधून निघणारा निष्कर्ष आमच्या मते या संपूर्ण उपासनेचा गाभा आहे. अखेरचा न्याय परमेश्वर करणार असेल तर तो मनुष्याने करावयाचा नाही. न्यायाची वाट पाहणे याचा अर्थ न्यायासन रिकामे ठेवणे. जो खरोखर वाट पाहतो तो त्या आसनावर स्वतः बसत नाही आणि दुसऱ्या कोणास बसू देत नाही. राज्याची न्यायालये गुन्ह्यांचा निवाडा करोत. तो त्यांचा अधिकार आहे. अमुकाचा आत्मा तरला आणि तमुकाचा बुडाला हा निवाडा मात्र कोणत्याही माणसाच्या कक्षेत येत नाही.

हे तत्त्व किती भयंकर रीतीने पायदळी तुडविले गेले, याची साक्ष खुद्द जुने गोवे देते. येथील इन्क्विझिशन १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधला १७७४ ते १७७८ हा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याची हकीकत आतून सांगणारा चार्ल्स देलों हा फ्रेंच वैद्य दमणला पकडला जाऊन येथील कोठडीत डांबला गेला होता. त्याचे कथन १६८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आपल्या प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी १९६१ च्या त्यांच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथाद्वारे ते नव्या वाचकांपुढे आणले. देलोंने नोंदविलेली एक गोष्ट आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. शिक्षा जाहीर करण्याचा ‘ऑटो-दा-फे’ हा समारंभ सामान्यतः आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी होत असे, असे तो सांगतो. कारण त्या दिवशीच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाचा उल्लेख असे, आणि आपल्या समारंभातून त्या न्यायाचे जिवंत चित्र उभे राहावे, अशी इन्क्विझिटरांची इच्छा होती. त्या वर्षी आगमनकाळ उलटून गेला तेव्हा आता आणखी एक वर्ष कोठडीत काढावे लागणार, या विचाराने तो हताश झाला. अखेरीस १२ जानेवारी १६७६ रोजी, रविवारीच, त्याला अनवाणी चालवीत संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये नेण्यात आले. तेथे त्याची मालमत्ता जप्त झाली, हद्दपारी झाली आणि पोर्तुगालात पाच वर्षे सक्तमजुरी ठोठावण्यात आली. ज्यांना जाळावयाचे त्यांच्या झग्यांवर ज्वाळा आणि भुते रंगविलेली असत, म्हणजे नरकाचा देखावाही आधीच तयार ठेवलेला असे.

यातील विटंबना समजून घेतली पाहिजे. ज्या दिवशी धर्म म्हणतो की न्याय परमेश्वराचा आहे, नेमक्या त्याच दिवसाच्या आडोशाने माणसे त्या आसनावर चढून बसली. उपासनेने रिकामी ठेवलेली जागा सत्तेने भरून काढली. १७३६ च्या फर्मानाने तर अंगणातील तुळशीपर्यंत हात पोहोचविला. या यातना सोसणाऱ्यांत हिंदू होते आणि नव्याने ख्रिस्ती झालेले गोमंतकीयही मोठ्या संख्येने होते, हे सत्यही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये, सत्याच्या सेवेच्या नावाखाली चर्चच्या पुत्रांनी अवलंबिलेल्या असहिष्णू मार्गांबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. त्याने इतिहास पुसला जात नाही. परंतु दोष उपासनेचा नव्हता, ती धुडकावणाऱ्यांचा होता, एवढे त्यातून सिद्ध होते.

वाट पाहण्याचा दुसरा, अधिक निकोप प्रकार कसा असतो ते पाहावयाचे तर घाट चढून हुबळी-धारवाडला जावे. हा मुलूख आपल्याला परका नाही. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता आणि वास्कोहून निघालेली आगगाडी आजही कॅसलरॉकमार्गे हुबळीस जाते. तेथे १८३७ साली धारवाडात आणि १८३९ साली हुबळीत बासल मिशनने आपली केंद्रे उघडली. या मिशनला जर्मनीतील वुर्टेम्बर्ग प्रांतातील भक्तिमार्गी प्रोटेस्टंटांचे मोठे पाठबळ होते आणि त्या मंडळींवर योहान आल्ब्रेख्ट बेंगेल या अठराव्या शतकातील पंडिताचा गाढ प्रभाव होता. या बेंगेलने बायबलमधील आकड्यांवरून गणित मांडून प्रभूच्या राज्याचा आरंभ १८३६ मध्ये होणार असे काढले होते. ते वर्ष आले आणि गेले. दुसऱ्याच वर्षी त्या परंपरेतील माणसे धारवाडात येऊन कामाला लागली. आकडा चुकला, आशा टिकली. कन्नड मुलखात ‘कालज्ञान’ या नावाने भविष्यकथनाची एक जुनी परंपरा होती. अधर्माचा कळस होऊन न्यायी राजा येईल, असे तीत सांगितलेले असे. अखेरच्या न्यायाची वाट पाहणारे हे पाहुणे त्या मुलखात पोहोचले तेव्हा तेथेही कोणाची तरी वाट पाहिली जात होती.

वाट पाहताना त्यांनी काय केले? शाळा काढल्या. हुबळी-धारवाड परिसरातही काम केलेल्या फर्डिनांड किटेल यांनी सुमारे सत्तर हजार शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश सिद्ध केला. तो १८९४ मध्ये मंगळूरला प्रसिद्ध झाला. त्याच मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना उभारला आणि त्या मंगळुरी कौलांच्या छपरांखाली कोकण-गोमंतकाच्या कित्येक पिढ्यांनी, हिंदूंनी आणि ख्रिस्त्यांनीही, पावसाळे काढले. जगाचा शेवट जवळ आला असे मानणाऱ्यांनी शंभर वर्षे टिकणारी कौले भाजावीत, यात विरोधाभास दिसेल. परंतु तसा तो नाही. धनी केव्हाही येईल या जाणिवेने चाकराने घर नीट राखावे, हाच त्या शिकवणुकीचा अर्थ आहे.

आणि याच जुळ्या शहरात १७ ऑक्टोबर २०२१ रोजी, रविवारी, एक वेगळेच दृश्य दिसले. हुबळीच्या बैरीदेवरकोप्प भागातील एका साध्या प्रार्थनास्थळात काही हिंदुत्ववादी संघटनांचे कार्यकर्ते शिरले आणि सक्तीच्या धर्मांतराचा आरोप करीत तेथे बसून त्यांनी भजने म्हटली. पुढे रस्ता अडविण्यात आला आणि तेथील धर्मोपदेशकास पोलिसांनी अटक केली. आरोपाच्या खरेखोटेपणाचा निर्णय न्यायालयांनी करावयाचा असतो. तो आम्ही करू इच्छित नाही. आम्हांस विचारावयाचे आहे ते इतकेच की, भजन हे कोणाविरुद्ध म्हणावयाचे असते काय? ज्या भजनाने वाळवंटात अठरापगड जातींना एका रिंगणात आणले, ते दुसऱ्याची प्रार्थना बुडविण्यासाठी वापरले तर त्यात अपमान कोणाचा झाला? प्रार्थना बुडाली त्यांचा झालाच. परंतु अधिक झाला तो भजनाचा.

धारवाडलगत महामार्गाजवळ बेलूर येथे औद्योगिक वसाहत आहे; होयसळांच्या शिल्पांचे बेलूर ते निराळे. अशा वसाहतींत गाव, जमीन आणि देवळाची पायरी मागे टाकून माणसे पोटासाठी येतात. तेथे कोणी विठ्ठलाचा फोटो भिंतीला लावतो, कोणी रविवारी भाड्याच्या खोलीत चार जणांसह प्रार्थनेस बसतो. दगडी चर्चला असते ते संरक्षण या पत्र्याच्या छपराला नसते. नेमक्या याच माणसाच्या आशेला समाजाने जपावयास हवे, कारण त्या आशेपलीकडे त्याच्याजवळ फारसे काही नसते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो अवास्तव नाही. काही प्रचारक अखेरच्या न्यायाचे भय घालून, तुमचे देव तुम्हांस नरकात नेतील असे सांगत दारोदार फिरतात, त्यांचे काय? आमचे उत्तर सरळ आहे. तेही न्यायासनावर बसण्याचाच अपराध करतात. ज्या शुभवर्तमानात भुकेल्याला दिलेला घास ही कसोटी सांगितली आहे, ते हाती घेऊन शेजाऱ्यास नरकाची शिक्षा सुनावणारा प्रचारक आपल्याच धर्माचा उपमर्द करतो. आमिष किंवा जबरदस्ती झाली असेल तर त्यासाठी कायदा आहे. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्माचे आचरण आणि प्रसार यांचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच वेळी, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या की नागरिकास पुरेसे संरक्षण मिळते. कायद्याने अडवावे, जमावाने नव्हे. न्यायाधीशाने ऐकावे, घोषणांनी नव्हे.

इन्क्विझिशनची आठवण आज वारंवार काढली जाते. ती काढलीच पाहिजे; विस्मरण हे क्षमेचे रूप नसते. परंतु तिचा उपयोग कशासाठी करावयाचा, याचा विवेक हवा. ज्या समाजाच्या तुळशीवर बंदी आली त्याने त्या अनुभवातून दुसऱ्याच्या क्रुसावर बंदी घालण्याचा अधिकार मिळवावा की तसे पुन्हा कोणाबाबत न घडू देण्याचे कर्तव्य पत्करावे? आमच्या मते दुसरे उत्तरच त्या यातनांस साजणारे आहे. प्रार्थनास्थळात शिरून तेथील माणसांचा तेथल्या तेथे निवाडा करणारा जमाव जरी आपल्या देवाचे नाव घेत असला, तरी ज्या आसनावर तो चढू पाहतो ते १६७६ साली जुन्या गोव्यात मांडलेलेच आसन आहे.

म्हणून या आगमनकाळात आमची दोन्ही समाजांस विनंती आहे. ख्रिस्ती बांधवांनी पहिल्या रविवारचे ते वाचन भयाचे हत्यार म्हणून न वापरता स्वतःच्या झडतीचा आरसा म्हणून वापरावे. गावातील भुकेला, रुग्णालयातील एकाकी रुग्ण, कोलवाळच्या तुरुंगातील बंदी, परप्रांतातून आलेला आणि ‘घाटी’ म्हणून हिणविला जाणारा मजूर यांच्यापाशीच त्या न्यायाचा निकाल ठरणार आहे. त्या मजुराला हिणविण्यात आपले दोन्ही समाज सारखेच पुढे असतात, हेही सांगून टाकणे बरे. आणि हिंदू बांधवांनी शेजारच्या घरावर लटकणाऱ्या नक्षत्राकडे पाहताना हे ध्यानी घ्यावे की तो केवळ सणाचा दिवा नाही. कोणीतरी येणार आहे, हिशेब होणार आहे आणि दुर्बळाला अखेर न्याय मिळणार आहे, या श्रद्धेने लावलेली ती खूण आहे. ही श्रद्धा आपल्याला पटलीच पाहिजे असे नाही. तिचा मान राखणे मात्र आपल्या हाती आहे.

कापणीपर्यंत गहू आणि तण एकाच शेतात उभे राहणार आहेत, आणि आपण त्या शेतातील काय आहोत हे आज आपणांपैकी कोणालाही ठाऊक नाही. एवढी एक अनिश्चितता सर्वांनी प्रामाणिकपणे मान्य केली, तरी या किनाऱ्यावर आणि त्या घाटमाथ्यावर पुष्कळशी प्रार्थनास्थळे निर्धास्तपणे उघडी राहतील.